गार्डन रीच, कलकत्ता-४३

आमच्या घरात सहलीचं ठिकाण खाण्यावरून ठरतं. इंदूर सराफ्यासाठी, अमृतसर कुलच्यांसाठी, तसं या वेळी कोलकाता. खजुराच्या ताज्या गुळाचा हंगाम हिवाळ्यातच असतो, असं नवऱ्याने कुठेतरी वाचलं आणि मी तिकिटं बघायला घेतली. सासूबाई म्हणाल्या, "मासोळीच्या गावात मी काय खाऊ, बाप्पा?" लेकीला (वय वर्षं नऊ) नदीखालून जाणारी मेट्रो हवी होती. आबा, म्हणजे माझे सासरे, काहीच बोलले नाहीत. दोन दिवसांनी जेवताना एकदम विचारलं, "स्टेशनपासून गार्डन रीच किती लांब आहे, पाहशील का बेटा?"

आबा नागपूरला मोतीबागेत रेल्वेच्या कचेरीत होते. नागपूरकरांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. आमच्या गावात रेल्वे दोन. एक मुंबईकडची आणि दुसरी बंगालकडची. ही दुसरी म्हणजे १८८७ ची बंगाल नागपूर रेल्वे, म्हाताऱ्या लोकांच्या तोंडची 'बीएनआर'. आबांचे वडील त्याच बीएनआरमध्ये फायरमन होते. पुढे तिची दक्षिण पूर्व रेल्वे झाली आणि २००३ मध्ये बिलासपूरला नवं मुख्यालय होईपर्यंत मोतीबागेचा सगळा कारभार कोलकात्याहून चालायचा. बढती, बदली, रजा, बोनस, सगळे कागद जिथून यायचे त्या लिफाफ्यावर पत्ता असायचा, 'गार्डन रीच, कलकत्ता-४३'. पासावर आबांनी काश्मीर ते कन्याकुमारी केलं. गार्डन रीचला मात्र साहेब लोक जायचे, कारकून नाही.

गुरुवार, २५ डिसेंबर

संध्याकाळची गीतांजली. डब्यात बसल्या बसल्या सासूबाईंनी सांबारवड्यांचा डबा उघडला. (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. पुणेकर पाहुण्यांना हे दर वेळी नव्याने सांगावं लागतं.) डोंगरगडपर्यंत आबांचा तोंडपट्टा सुरू होता. प्रत्येक स्टेशनावर एक किस्सा, एक बदली झालेला माणूस आणि एक रुळावरून घसरलेली मालगाडी. दरेकश्याच्या बोगद्यात शिरताना लेकीला म्हणाले, "आता कान दाब." तिने दाबले. काहीच झालं नाही. "वाफेच्या इंजिनात होत होतं," म्हणाले आणि पांघरूण घेऊन झोपले.

शुक्रवार, २६ डिसेंबर

गाडी दोन तास उशिरा. टाटानगरनंतर धुकं आणि खडगपूरनंतर प्रत्येक सिग्नलला नमस्कार.

हावडा स्टेशनातून बाहेर आलं की पहिला दिसतो तो पूल. फोटोत तो नदीवर दिसतो, प्रत्यक्षात अंगावर येतो. १९४३ मध्ये वाहतुकीला खुला झाला, ७०५ मीटर लांब, साडेसव्वीस हजार टन पोलाद आणि तेही जवळजवळ सगळं जमशेदपूरच्या टाटांचं. त्याच्या जोडणीत नट-बोल्ट नाहीत, फक्त रिव्हेट. टॅक्सी पुलावर तुंबली तेव्हा आबांनी काच खाली केली आणि रिव्हेटच्या ओळी मोजायला लागले. या पुलाला युद्धातल्या बॉम्बने काही झालं नाही, पण पान खाऊन थुंकणाऱ्यांनी खांबांच्या पायथ्याचं लोखंड खाल्लं. शेवटी त्यांना फायबरची आवरणं घालावी लागली. हे मी नवऱ्याला मुद्दाम ऐकवलं. त्याचा खर्रा (आमच्याकडची सुपारी-तंबाखू) अजून सुटलेला नाही.

भवानीपूरला एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या होत्या. हिरव्या झडपांच्या उंच खिडक्या, लाल गिलाव्याची गुळगुळीत फरशी आणि खाली मालकीणबाई, ज्यांना सगळी गल्ली माशीमा (म्हणजे मावशी) म्हणत होती. मग आम्हीही म्हणायला लागलो. सासूबाई शाकाहारी आहेत असं मी फोनवर सांगितलं होतं. मला वाटलं होतं, वरण-भात आणि बटाट्याची भाजी मिळेल. ताट आलं त्यात आधी शुक्तो, म्हणजे कारलं, कच्चं केळं, शेवगा, वड्या यांची दुधातली पांढरट भाजी. कडू आधी खायचं, जेवणाची सुरुवातच त्याने करायची. मग खोबऱ्याचे काप घातलेली हरभऱ्याची डाळ आणि लुची. लुची म्हणजे मैद्याची पुरी म्हणावं तर माशीमा रागावतील. ती पांढरीच राहिली पाहिजे, तांबूस झाली की बाद.

आणि मग धोकार डालना. हरभऱ्याची डाळ भिजवून, वाटून, हिंग-जिरं घालून कढईत आटवायची, ताटात थापून वड्या पाडायच्या, तळायच्या आणि रश्श्यात सोडायच्या. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "अगं, हा तर आपला पाटवडी रस्सा!" रस्सा आमच्यासारखा जहाल नव्हता, आल्याचा, जिऱ्याचा, किंचित गोड. पण वडी तीच. धोका म्हणजे फसवणूक, मटण म्हणून खपवलेली डाळ. माशीमा म्हणाल्या की विधवांच्या स्वयंपाकघरात असले पदार्थ फार निगुतीने व्हायचे, कारण त्यांना मासे, मटण, कांदा, लसूण सगळंच बंद होतं. स्वतः माशीमा पांढऱ्या साडीत होत्या. त्यावर कोणी काही बोललं नाही. सासूबाईंनी मात्र दुसरी वाढ मागून घेतली, जी त्या परक्या घरात कधीच मागत नाहीत.

संध्याकाळी पार्क स्ट्रीट. नाताळची रोषणाई आणि इतकी गर्दी की आम्ही चाललो नाही, वाहत गेलो. १९२७ पासूनच्या फ्लुरीजबाहेरची रांग बघून लांबूनच नमस्कार केला.

रात्री जिन्यात माशीमा भेटल्या. कुठून आलात, नीट विचारलं. आबांनी छाती पुढे काढून सांगितलं, "नागपूर. भोसल्यांचं नागपूर." माशीमा खळखळून हसल्या. "नागपूर? म्हणजे बर्गी!" आणि लेकीच्या गालाला हात लावून त्यांनी एक अंगाईची चाल गुणगुणली. बंगालमधल्या प्रत्येक पोराने ती ऐकलेली असते म्हणे. अर्थ साधारण असा की बाळ झोपलं, आळी निजली, देशात बर्गी आले. पाखरांनी धान खाल्लं, आता सारा भरायचा कशाने?

बर्गी म्हणजे बारगीर. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी, एवढं शाळेत शिकलो होतो. १७४१ पासून दहा वर्षं रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर जात राहिल्या. सरदार भास्करराम कोल्हटकरांना नवाब अलीवर्दीखानाने १७४४ मध्ये बोलणीला बोलावून मारलं आणि शेवटी १७५१ च्या तहात ओडिशा आणि वर्षाला बारा लाखांची चौथ मिळाली. नागपूरच्या महाल भागात वाढलेल्या प्रत्येकाला हे पाठ. त्या दहा वर्षांत जाळलेल्या गावांची बाजू मात्र आमच्या पाठांतरात नव्हती. आबा खोलीत येऊन पलंगावर बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आपल्याकडे पोरांना बागुलबुवा दाखवतात. इकडे आपणच बागुलबुवा."

लेकीला हे फार आवडलं. पुढचे तीन दिवस ती जिथे जाईल तिथे "मी बर्गी आहे" असं सांगत होती आणि लोक तिला फुकट मिठाई देत होते.

शनिवार, २७ डिसेंबर

सकाळी मेट्रोने उत्तरेकडे, शोभाबाजारला. १९८४ मध्ये देशातली पहिली मेट्रो इथे धावली. कोपऱ्यावरच्या दुकानात कचोरी-आलूची तरकारी. आपल्या कचोरीशी नावापुरतं नातं. ही मऊ, पातळ, आत हिंग घातलेल्या उडदाच्या डाळीचा जेमतेम थर, आणि पानांच्या द्रोणात सालासकट बटाट्याची पातळ भाजी. नवऱ्याने आठ खाल्ल्या. मी मोजल्या कारण पैसे मी देत होते.

तिथून चालत कुमारटुलीला. दुर्गेच्या मूर्ती घडतात ती ही वस्ती, पण डिसेंबरच्या शेवटी सगळीकडे सरस्वती. गल्ली दोन माणसांची आणि दोन्ही बाजूंना शेकडो सरस्वत्या, बिनडोक्याच्या. आधी बांबू-पेंढ्याचा सांगाडा, त्यावर माती, डोकी वेगळी साच्यात. एका शेडमध्ये एक म्हातारे कारागीर मूर्तीची बोटं करत होते. मातीची वळकटी तळव्यावर फिरवायची, टोक चिमटायचं, बांबूच्या काडीने नख काढायचं. एक बोट झालं की फळीवर ठेवायचं. फळीवर अशी पन्नासेक बोटं ओळीने वाळत होती. लेक तिथून हलेना. त्यांनी तिला एक करंगळी दिली. ती नागपूरपर्यंत येताना तुटली, त्यावरून बरंच रडणं झालं, ते सोडा.

कुमारटुलीच्या पुढे बागबाजार. नोबीनचंद्र दासांनी १८६८ मध्ये रसगुल्ला केला तो इथलाच, असं बंगाल म्हणतो. ओडिशा म्हणतो आमचा, पुरीच्या जगन्नाथाचा. भांडण इतकं गेलं की २०१७ मध्ये बंगालच्या रसगुल्ल्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला आणि २०१९ मध्ये ओडिशाच्याही. आम्ही तटस्थ राहून खाल्ले. नोलेन गुडाचा, म्हणजे खजुराच्या ताज्या गुळाचा, रसगुल्ला रंगाने चहासारखा, दातांखाली किंचित करकरतो आणि मागून धुराचा वास येतो. तो धूरच खरा. पहाटे खजुराच्या झाडावरून मडकं उतरवून रस लगेच चुलीवर आटवतात, ऊन चढलं की तो आंबायला लागतो. हे काम थंडीचे दोन-तीन महिने. म्हणून मे महिन्यात नोलेन गुडाच्या नावाने जे मिळतं त्याकडे बंगाली माणूस ढुंकून बघत नाही.

मला बागबाजारात यायचं होतं ते मात्र एका गल्लीसाठी. मराठा डिच लेन. बर्गी येणार या भीतीने कोलकात्याच्या लोकांनी १७४२ मध्ये गावाभोवती खंदक खणायला घेतला. ठरला होता सात मैल, झाला तीनेक मैल, आणि मराठे कोलकात्यावर आलेच नाहीत. खंदकात पुढे कचरा साचला आणि १७९९ च्या सुमारास तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड केला. शहराच्या पूर्वेकडून जाणारा आजचा तो मोठा रस्ता म्हणजे आमच्या भीतीचा खड्डा. उरली ही एक गल्ली, नावापुरती. इस्त्रीवाला, एक बंद दवाखाना, उन्हात लोळणारी मांजर. पाटीखाली आबांचा फोटो काढला.

"खंदक खणला आपल्यासाठी आन् आपण आलोच नाही," आबा म्हणाले. जरा हिरमुसले होते, की बरं वाटलं होतं, कळलं नाही.

"आलो ना आता," सासूबाई म्हणाल्या. "चला, तो गूळ कुठे मिळतो ते पाहू."

दुपारी कॉलेज स्ट्रीट. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या टपऱ्या, त्यात छतापर्यंत पुस्तकं आणि पुस्तकांच्या मधोमध माणूस, जणू तोही विकायला ठेवलाय. इथे मराठी पुस्तक मागण्याची नवऱ्याला खुमखुमी आली. तिसऱ्या टपरीवाल्याने पाच मिनिटं गायब होऊन एक मराठी-इंग्रजी शब्दकोश आणला, मुखपृष्ठ नसलेला, कुठल्याशा ग्रंथालयाचा शिक्का असलेला. घ्यावाच लागला. कॉफी हाउसमध्ये पंख्यांच्या लांबच लांब दांड्या, पागोटं घातलेले वाढपी आणि कोणाला उठायची घाई नाही. कॉफी सामान्य आहे, हे मी खाली आवाजात लिहिते. त्यापेक्षा जवळच्या पॅरामाउंटमध्ये १९१८ पासून मिळणारं शहाळ्याचं सरबत प्यावं. त्याची कृती रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांनी दिलेली. गारढोण, वर शहाळ्याची मलई. प्रयोगशाळेतल्या माणसाला प्रमाण कळतं.

ट्राममध्ये बसायचंच होतं. १८७३ मध्ये घोड्यांनी ओढलेली, १९०२ पासून विजेची, आता मोजक्या मार्गांवर उरलेली. आमची ट्राम अर्ध्या वाटेत थांबली, कारण रुळांवर कोणीतरी मोटार लावून जेवायला गेलं होतं. वाहकाने घंटा बडवली, मग खाली उतरून चहा प्यायला. आम्हीही उतरून चहा प्यालो. मातीच्या भांड्यात, दोन घोटांचा. आबांनी भांडं फोडलं नाही, खिशात ठेवलं.

संध्याकाळी एका फळांच्या गाडीवर संत्र्यांचा ढीग होता. "दार्जिलिंग, दार्जिलिंग, मधू!" गाडीवाला ओरडत होता. आबा थांबले. एक संत्रं उचललं, देठाजवळची फुगीर मान अंगठ्याने दाबली, साल सोलली. ती एका झटक्यात सुटली. एक फोड तोंडात टाकून डोळे मिटले. मग शांतपणे म्हणाले, "भाई, ये काटोल का माल है."

गाडीवाला म्हणाला दार्जिलिंग. आबा म्हणाले काटोल. "मैं नागपुर का हूँ." गाडीवाल्याने इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "दादू, दार्जिलिंग बोलने से बिकता है." आबांना त्याचा राग यायला हवा होता. त्यांनी दोन किलो घेतली. ज्या गावात दहा रुपयांना लिंबू-संत्र्यांची पाटी ओततात त्या गावचा माणूस कोलकात्यात दीडपट भाव देऊन संत्री घेऊन खोलीवर आला.

रविवार, २८ डिसेंबर

पहाटे साडेसहाला मी, नवरा आणि लेक टिरेट्टा बाजारात, पोद्दार कोर्टाच्या मागे. हे जुनं चायनाटाउन. चिनी कुटुंबं आता थोडीच उरलीत, पण सकाळी रस्त्याच्या कडेला वाफाळती भांडी मांडली जातात. माशाच्या गोळ्यांचं सूप, वाफवलेले पाव, डुकराच्या मांसाचे सॉसेज, तिळाचे लाडू. एक चिनी आजी अस्खलित बंगालीत गिऱ्हाइकांना दटावत होती. साडेआठपर्यंत सगळं संपतं आणि तिथे भाजीबाजार सुरू होतो, जणू काही झालंच नाही. सासूबाईंना आम्ही "फिरायला गेलो होतो" असं सांगितलं. लेकीने पाचव्या मिनिटाला खरं काय ते सांगून टाकलं.

मग दक्षिणेश्वर. राणी रासमणींनी १८५५ मध्ये बांधलेलं नऊ शिखरांचं कालीमंदिर, नदीकाठी बारा शिवमंदिरांची ओळ. जातीमुळे पूजेला ब्राह्मण मिळेना, अशी तेव्हाची कथा, आणि जे मिळाले त्यांच्या धाकट्या भावाला जग पुढे रामकृष्ण परमहंस म्हणून ओळखू लागलं. रांग दोन तासांची होती. सासूबाई उभ्या राहिल्या, आम्ही पायरीवर बसलो. होडीने बेलूर मठ. तो दुपारी बंद असतो हे आम्हाला दारात जाऊन कळलं. बेलूरबद्दल एवढंच.

परतताना लेकीची मेट्रो. २०२४ मध्ये सुरू झालेला हा मार्ग हावडा मैदानाहून निघून हुगळीच्या खालून एस्प्लनेडला येतो. पाण्याखालचं अंतर ५२० मीटर, पाऊण मिनिटात संपतं. बोगद्यात निळे दिवे लागले की समजायचं, डोक्यावर नदी. लेक म्हणाली, "मासे कुठेत?" शेजारचे एक काका गंभीरपणे म्हणाले, "आमरा खेये फेलेछि." म्हणजे आम्ही खाऊन टाकले.

रात्री फुचका, म्हणजे इकडची पाणीपुरी. गोड चटणी नाही, बटाट्यात गंधराज लिंबू आणि हिरवी मिरची, पाणी निव्वळ चिंचेचं. नागपूरच्या पाणीपुरीवर माझा जीव आहे, पण हे लिंबू आमच्याकडे का पिकत नाही याचं दुःख झालं.

सोमवार, २९ डिसेंबर

सोमवारी कोलकात्यात संग्रहालयं बंद असतात. व्हिक्टोरिया मेमोरियलचीही दालनं बंद, बाग उघडी. मकराण्याचा संगमरवर, ताजमहालाला वापरलेला तोच, १९०६ मध्ये पायाभरणी आणि १९२१ मध्ये उद्घाटन. बाहेरून बघितलं. तळ्यात उलटं दिसतं ते जास्त छान.

नवरा सासूबाईंना आणि लेकीला घेऊन न्यू मार्केटला गेला, १९०२ पासूनच्या नाहूम या ज्यू बेकरीतला प्लम केक आणायला. मी आणि आबांनी टॅक्सी केली.

"गार्डन रीच," आबांनी सांगितलं. चालकाने विचारलं, गार्डन रीच केवढं तरी मोठं आहे, कुठे? आबांनी त्याला संपूर्ण पत्ता सांगितला, मजकुरासारखा, पिनकोडासकट.

खिदिरपूरची गोदी, कंटेनर घेऊन उभ्या ट्रकांच्या रांगा, धूळ, मग अचानक झाडी आणि एका बाजूला नदी. आबांनी सकाळीच दाढी केली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला आधी लक्षात आलं नव्हतं.

फाटकावर सुरक्षा दलाचा तरुण जवान. काय काम आहे? काहीच नाही. आबांनी पाकिटातून निवृत्तीचं ओळखपत्र काढलं, प्लास्टिकचं, कडा पिवळ्या झालेल्या. त्याने ते दोन्ही बाजूंनी वाचलं. "काका, आपका तो अब बिलासपुर है." हो, ते खरंच. आत जायला परवानगी लागते, ती आज मिळणार नाही, हे त्याने नीट, हळू आवाजात सांगितलं. मग म्हणाला, इथे सावलीत उभे रहा, जितका वेळ हवा तितका.

आम्ही उभे राहिलो. झाडांमधून जुन्या इमारतीचा एक भाग दिसत होता. जेवणाची सुट्टी झाली तसे लोक बाहेर यायला लागले, डबे, फायली, गळ्यात ओळखपत्रं. आबा त्यांच्याकडे बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "रजेचा अर्ज तीन प्रतींत टाइप करून पाठवायचो. वाटायचं, इथे कोणीतरी एकच माणूस बसला असेल, सगळं वाचणारा." एक बाई फोनवर जोरजोरात मुलाच्या शिकवणीबद्दल भांडत गेल्या. आबा हसले. "एवढे लोक होते होय."

या भागात साहेबांसाठी बीएनआर हाउस नावाचा बंगला आहे. त्यात एके काळी अवधचा पदच्युत नवाब वाजिद अली शाह राहायचा, असं म्हणतात. इंग्रजांनी १८५६ मध्ये राज्य घेतल्यावर तो कोलकात्याला आला आणि पलीकडच्या मटियाबुर्जमध्ये त्याने छोटं लखनौ वसवलं, खानसामे, गवय्ये, पतंगबाज, प्राणी यांच्यासकट. तो गेला १८८७ मध्ये. आबांना हे सांगितलं तर त्यांनी लगेच पकडलं. "बीएनआर निघाली तेच वर्ष." नवाबाबरोबर आलेली बिर्याणी मात्र गेली नाही. तिच्यात बटाटा का, यावर दोन पक्ष. एक म्हणतो, पेन्शनीत मांस परवडेना. दुसरा म्हणतो, तेव्हा बटाटाच नवलाईचा होता. पेन्शनर असल्यामुळे आबा पहिल्या पक्षात गेले.

एका साध्या खानावळीत बसून आम्ही मटण बिर्याणी मागवली. केवड्याचा हलका वास, मसाला जेमतेम, सावजी खाणाऱ्या जिभेला आधी वाटतं की आचारी तिखट विसरला. मग बटाटा फोडला. अख्खा, मुठीएवढा, पिवळसर, बाहेरून तुपात तळलेला आणि आतपर्यंत मटणाचा रस प्यालेला. आबांनी मटण माझ्या ताटात सरकवलं आणि माझा बटाटा घेतला. अठरा वर्षांत सासऱ्यांनी माझ्या ताटातलं काही घेतल्याचं मला आठवत नाही.

बाहेर पडल्यावर म्हणाले, "पोस्ट ऑफिस पाहू." जवळच होतं. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड अजून मिळतं. काउंटरवरच्या मुलीने पाच रुपयांना दहा घ्या म्हटलं, सुटे नव्हते. आबांनी एक लिहिलं, दोरीला बांधलेल्या पेनाने, उभं राहून, मला न दाखवता. नऊ कोरी खिशात, मातीच्या भांड्याशेजारी.

रात्रीची मुंबई मेल. सामानात दोन किलो पाटाली गूळ, जयनगरच्या मोआ या मिठाईचे दोन डबे, प्लम केक, मुखपृष्ठ नसलेला शब्दकोश आणि उरलेली काटोलची संत्री. माशीमांनी निघताना सासूबाईंना धोक्याच्या वड्या कोरड्या बांधून दिल्या होत्या. सासूबाईंनी त्यांना सांबारवडीची कृती लिहून दिली, मराठीत. कोण वाचून दाखवणार, कोणास ठाऊक.

पोस्टकार्ड आम्ही परतल्यावर नवव्या दिवशी आलं. शिक्का फासटलेला, तारीख लागत नाही. पाठवणाऱ्याच्या जागी आबांचं नाव, हुद्द्यासकट, आणि खाली 'गार्डन रीच, कलकत्ता-४३'. सासूबाईंनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं :

"सर्व खुशाल. हेडक्वार्टर पाहिले. आज रात्रीच्या मेलने निघत आहोत. बिर्याणीत बटाटा असतो."